बेटांवरील नवीकरणीय ऊर्जा व साठवण नियोजन

बेटांवरील नवीकरणीय ऊर्जा व साठवण नियोजन म्हणजे मुख्यभूमीच्या वीजजाळ्याशी न जोडलेल्या, किंवा एखाद्याच केबलने जोडलेल्या बेटांसाठी सूर्य, वारा, पाणी अशा स्थानिक स्रोतांपासून वीज निर्माण करणे, ती रात्रीसाठी व प्रतिकूल हवामानासाठी साठवणे आणि ही सर्व व्यवस्था वीस-पंचवीस वर्षे चालू राहील अशी आखणी करणे होय. भारतात हा प्रश्न प्रामुख्याने लक्षद्वीप, अंदमान व निकोबार, सुंदरबन आणि दीव या भागांत उद्भवतो. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबई बंदरातील घारापुरी बेटाचे आहे. तेथे २०१८ मध्ये समुद्राखालील केबलचा मार्ग स्वीकारण्यात आला.

सौर पटल बसवणे हा या नियोजनातील तुलनेने सोपा भाग आहे. रात्रीची आणि पावसाळी दिवसांची सोय, यंत्रसामग्री बदलण्यासाठी लागणारा निधी आणि देखभालीची जबाबदारी या गोष्टी अवघड असतात. अनेक बेटांवरचे प्रकल्प याच बाबतीत अडखळले आहेत.

डिझेलवरील अवलंबित्व

विसाव्या शतकात जगातील बहुतेक लहान बेटांवर वीज आली ती डिझेल जनित्रांमधून. जनित्र आकाराने लहान असते, जहाजातून आणता येते आणि मागणीनुसार लगेच चालू-बंद करता येते. मात्र त्याचे इंधन कायम बाहेरून आणावे लागते. एक लिटर डिझेलपासून साधारणपणे ३ ते ३.५ युनिट वीज मिळते. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तर केवळ इंधनाचा खर्चच युनिटला २६ ते ३० रुपये होतो. जहाजवाहतूक, साठवणूक, गळती आणि यंत्राची देखभाल यांचा खर्च वेगळा. बेटावरील ग्राहकाकडून एवढा दर घेतला जात नाही. फरक शासन अनुदानाच्या रूपाने भरते, आणि त्यामुळे ही महाग वीज ग्राहकाच्या बिलात दिसत नाही.

पुरवठ्याची अनिश्चितता ही दुसरी अडचण आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की लहान नौकांची वाहतूक थांबते. अशा वेळी रुग्णालयातील शीतपेटी, मासळीसाठी लागणारा बर्फ, पिण्याच्या पाण्याचे पंप आणि दूरसंचार मनोरे हे सर्व टाकीत उरलेल्या डिझेलवर अवलंबून राहतात. जीवनावश्यक वस्तू दुरून आणावी लागणे म्हणजे काय, याचा अनुभव मराठवाड्यालाही आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. बेटावर अशी अवस्था कायमची असते, फक्त पाण्याच्या जागी इंधन असते.

साठवणीचे गणित

नियोजनाचा गाभा समजण्यासाठी एका काल्पनिक बेटाचे उदाहरण घेता येईल. बेटावर २०० घरे असून प्रत्येक घर दिवसाला ३ युनिट वीज वापरते; शाळा, दवाखाना, दुकाने व पाण्याचा पंप मिळून आणखी १०० युनिट लागतात, असे समजू. एकूण दैनिक मागणी ७०० युनिट होते. बेटांवर विजेचा वापर सूर्यास्तानंतर वाढतो. म्हणून यांतील ६० टक्के, म्हणजे ४२० युनिट, रात्री लागतात असे धरू.

बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. त्यामुळे तिच्या क्षमतेचा सुमारे ८० टक्के भागच वापरला जातो, शिवाय भरण्या-काढण्यात सुमारे १० टक्के वीज वाया जाते. ४२० युनिट रात्री हाती पडण्यासाठी त्यामुळे जवळजवळ ५८० युनिट क्षमतेची बॅटरी लागते. सौर पटलांचे म्हणाल तर १ किलोवॉट क्षमतेपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट मिळतात असे मानल्यास १९० किलोवॉटच्या आसपास क्षमता पुरते.

आकडे इथवर आटोक्यात आहेत. पण सरासरीवर बेट चालत नाही. जुलै महिन्यात आभाळ भरलेले असताना तेच पटल दिवसाला २ युनिटही कसेबसे देतात. त्या महिन्याला डोळ्यांपुढे ठेवून आखणी केली तर सौर क्षमता दुप्पट करावी लागते, आणि उरलेले आठ-नऊ महिने दुपारची वीज वापराविना जाते. सलग तीन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी दिवे चालू राहावेत अशी अट घातली, तर ७०० युनिटांप्रमाणे तीन दिवसांच्या २१०० युनिटांसाठी सुमारे २९०० युनिट क्षमतेची बॅटरी लागते. ही एका रात्रीच्या बॅटरीच्या पाचपट आहे, आणि तिचा हा वाढीव भाग वर्षातून मोजके दिवसच वापरला जातो.

म्हणूनच बेटाचा पहिला ७०-८० टक्के वीजपुरवठा नवीकरणीय करणे आज आर्थिकदृष्ट्या सुसाध्य झाले असले, तरी शेवटचे काही टक्के सर्वांत महाग पडतात. लिथियम-आयन बॅटरीच्या किमती २०१० नंतर सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, तरी हे प्रमाण फारसे बदललेले नाही. बहुतेक आराखड्यांत त्यामुळे जुने डिझेल जनित्र मोडीत न काढता पावसाळ्यातील आणीबाणीसाठी राखून ठेवतात. ‘शंभर टक्के नवीकरणीय’ या घोषणेपेक्षा ही तडजोड कमी आकर्षक वाटते. पण बेटावरील दवाखान्याच्या दृष्टीने तीच शहाणपणाची ठरते.

साठवणीचा सर्वांत स्वस्त प्रकार पुष्कळदा बॅटरी नसतोच. पाण्याचा पंप रात्रीऐवजी दुपारी चालवला आणि टाकी भरून ठेवली, किंवा बर्फाचा कारखाना उन्हाच्या वेळेत चालवला, तर तेवढी मागणी बॅटरीवर पडत नाही. उंच टाकीतील पाणी आणि तयार बर्फ ही साठवलेली ऊर्जाच होय. वरील उदाहरणात रात्रीच्या ४२० युनिटांपैकी ८० युनिटांचे काम दिवसा उरकले, तर बॅटरी सुमारे ११० युनिटांनी लहान होते.

डिझेल आणि सौर वीज एकत्र चालवण्यातही एक तांत्रिक अडचण आहे. जनित्र त्याच्या क्षमतेच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालवल्यास त्यात काजळी साचते आणि इंधनाचा वापर युनिटमागे वाढतो. बॅटरी नसेल तर दुपारी ऊन असूनही जनित्राला किमान भार देण्यासाठी सौर निर्मिती मुद्दाम कमी करावी लागते. केवळ पटल वाढवून डिझेलची बचत एका मर्यादेपलीकडे होत नाही, त्याचे हे कारण आहे.

घारापुरी

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील घारापुरी (एलिफंटा) हे बेट गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. येथील लेण्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८७ मध्ये समावेश झाला. बेटावर शेतबंदर, मोरबंदर व राजबंदर ही तीन गावे आहेत. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असतानाही या गावांना अनेक दशके नियमित वीज नव्हती. सायंकाळी काही तास चालणारे डिझेल जनित्र हाच मुख्य आधार होता. जनित्र बंद झाले की गाव अंधारात जाई. शीतकपाट किंवा पिठाची गिरणी अशा सोयी त्या वेळापत्रकात बसत नसत. दिवसभरात येणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असे, कारण शेवटची होडी सायंकाळीच परतते.

महावितरणने समुद्राच्या तळातून सुमारे ७.५ किलोमीटर लांबीची २२ केव्ही क्षमतेची केबल टाकून २२ फेब्रुवारी २०१८ रोजी बेटाचा वीजपुरवठा सुरू केला. या कामास सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. तिन्ही गावांत रोहित्रे बसवण्यात आली आणि सुमारे २०० घरगुती ग्राहकांना मीटरसह जोडण्या मिळाल्या.

केबलचा पर्याय का निवडला गेला असावा, हे आकड्यांवरून समजते. अंतर थोडे आहे, पलीकडे सक्षम वीजजाळे आहे, आणि केबलमधून मिळणारी वीज रात्री किंवा पावसात कमी होत नाही. बेटावर मोकळी, सपाट जागाही कमी आहे. १ मेगावॉट सौर प्रकल्पाला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते, आणि संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी तर त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. उलट बाजूने पाहता प्रत्येक ग्राहकामागे भांडवली खर्च दहा लाख रुपयांहून अधिक झाला. अर्थात केबलचा उपयोग पर्यटनाशी निगडित व्यवसायांना व पुढील पिढ्यांनाही होणार असल्याने केवळ घरांच्या संख्येने तिचे मोल करणे अपुरे ठरते.

एकाच केबलवर विसंबलेल्या बेटासमोर दुसरा प्रश्न उभा राहतो. गजबजलेल्या बंदरात नौकांचे नांगर, गाळ काढण्याची कामे व वादळे यांपासून समुद्रतळावरील केबलला धोका असतो, आणि तिची दुरुस्ती जमिनीवरील तारेसारखी काही तासांत होत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यातील जमिनीवरचीच वीजव्यवस्था मोठ्या प्रमाणावर कोलमडली होती. या दृष्टीने केबल आणि स्थानिक साठवण हे परस्परांचे पर्याय नसून पूरक ठरू शकतात. दवाखाना, पाणीपुरवठा आणि धक्क्यावरील दिवे यांपुरती एक-दोन दिवसांची सोय करणारी सौर व बॅटरी यंत्रणा केबलच्या तुलनेत अल्प खर्चात उभी राहते.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. छतावर सौर पटल असले की मुख्य पुरवठा गेल्यावरही घरात वीज राहते असे अनेकांना वाटते. जाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर मुख्य पुरवठा खंडित होताच सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो. अन्यथा तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसण्याचा संभव असतो. पुरवठा गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी आणि स्वतंत्रपणे चालू शकणारा इन्व्हर्टर लागतो. ही बाब घारापुरीला जितकी लागू आहे तितकीच देगलूर किंवा उदगीर येथील घराच्या गच्चीलाही लागू आहे.

लक्षद्वीप

घारापुरीला जो मार्ग उपलब्ध होता तो लक्षद्वीपला नाही. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटरवर पसरलेल्या या ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. एकूण भूभाग केवळ ३२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ होती. समुद्राखालून शेकडो किलोमीटर वीज नेणे अशक्य नाही. नॉर्वे आणि ब्रिटन यांना जोडणारी ७२० किलोमीटरची केबल २०२१ मध्ये कार्यान्वित झाली. पण ती १४०० मेगावॉट वीज वाहते. दहा बेटांवर विभागलेल्या मोजक्या मेगावॉटांच्या मागणीसाठी असा खर्च समर्थनीय ठरत नाही.

मिनिकॉय बेटावर १९६२ मध्ये डिझेलची वीज आली आणि १९८२ मध्ये बित्रापर्यंत पोहोचून वस्ती असलेल्या बेटांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. तेव्हापासून आजतागायत डिझेल हाच मुख्य स्रोत आहे. कवरत्ती येथील सुमारे १.७ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला १.४ मेगावॉट-तास, म्हणजे १४०० युनिट क्षमतेची बॅटरी जोडण्यात आली असून जानेवारी २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. लक्षद्वीपमधील बॅटरीची जोड असलेला हा पहिला सौर प्रकल्प होय. वरील गणित लक्षात घेता ही बॅटरी ११,००० हून अधिक लोकसंख्येच्या बेटाची पूर्ण रात्र भागवू शकत नाही. ढग येण्या-जाण्याने होणारे चढउतार सावरणे आणि सायंकाळच्या सर्वाधिक मागणीचा काही भार उचलणे हे तिचे काम आहे.

जमिनीची टंचाई ही येथील मुख्य मर्यादा आहे. नारळाच्या बागा तोडून पटल बसवणे रहिवाशांना परवडणारे नाही, कारण नारळ आणि मासेमारी यांवरच उपजीविका चालते. त्यामुळे शासकीय इमारतींची छते आणि खाजणातील तरंगते पटल यांचा विचार करावा लागतो. मात्र प्रवाळाला धक्का लागू नये ही अट त्यात राहते. गोड्या पाण्याचा प्रश्नही विजेशी निगडित आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती येथे समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार व खोलवरच्या थंड पाण्याच्या तापमानातील फरकावर चालणारे, दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र उभारले. त्याचे पंप विजेवर चालतात. म्हणजे बेटाच्या वीज आराखड्यात पिण्याचे पाणीही धरावे लागते.

अंदमान व निकोबार, सुंदरबन आणि दीव

अंदमानमध्ये उत्तर भागातील कल्पोंग नदीवर ५.२५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. उर्वरित पुरवठा मुख्यतः डिझेलवर आहे. दक्षिण अंदमानमध्ये एनएलसी इंडिया या सार्वजनिक कंपनीने २० मेगावॉट सौर क्षमतेला ८ मेगावॉट-तासांची बॅटरी जोडली.

पश्चिम बंगालमधील सागर बेटावर कमलपूर येथे १९९६ मध्ये सुरू झालेले २६ किलोवॉटचे सौर केंद्र हे भारतातील गावपातळीवरील आरंभीच्या सौर वीजकेंद्रांपैकी एक. तेथून सुंदरबनातील इतर गावांत ही पद्धत पसरली. पुढे मुख्य जाळ्याची वीज नदी ओलांडून पोहोचल्यावर अशा केंद्रांचे महत्त्व ओसरले. पंचवीस वर्षांसाठी केलेली गुंतवणूक मध्येच जाळे आल्याने निरुपयोगी होऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला. तेव्हापासून स्थानिक केंद्र पुढे जाळ्याशी जोडता येईल अशाच रचनेचे असावे, असा आग्रह धरला जातो.

१९८७ पर्यंत गोव्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या दीवची गणना दिवसाची संपूर्ण मागणी सौर विजेवर भागवणाऱ्या प्रदेशांत होते. फुदम येथील ९ मेगावॉटचे सौर केंद्र आणि छतांवरील पटल यांमुळे ते शक्य झाले. रात्री मात्र वीज गुजरातच्या जाळ्यातून येते. दीवच्या बाबतीत साठवणीचे काम हे जाळेच करते. डेन्मार्कमधील साम्सो बेटही पवनऊर्जेच्या बाबतीत केबलचा असाच उपयोग करून घेते. केबल नसलेल्या बेटांची या दोहोंशी तुलना करणे योग्य नाही.

इतर देशांतील अनुभव

स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील एल हिएरो बेटावर २०१४ मध्ये ११.५ मेगावॉटच्या पवनचक्क्या आणि ११.३ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र यांची जोडणी झाली. वारा जास्त असताना पाणी डोंगरावरील जुन्या ज्वालामुखीच्या मुखात चढवले जाते, आणि वारा पडल्यावर तेच पाणी खाली सोडून वीज तयार केली जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात बेट सलग २४ दिवस डिझेलविना चालले. तरीही वर्षाच्या सरासरीत नवीकरणीय वाटा निम्म्याच्या आसपासच राहतो, कारण वारा मंद असलेल्या महिन्यांत वरचा तलाव पुरत नाही.

अमेरिकन सामोआतील ताऊ बेटावर २०१६ मध्ये १.४ मेगावॉट सौर पटल व ६ मेगावॉट-तासांची बॅटरी बसवण्यात आली. सुमारे ६०० लोकवस्तीच्या या बेटाला तीन दिवस ऊन नसले तरी पुरेल असे तिचे माप ठेवले होते. स्कॉटलंडमधील एग बेटाने मात्र मागणीलाच मर्यादा घातली. २००८ पासून तेथे प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट अशी कमाल मर्यादा आहे. ही यंत्रणा रहिवाशांच्याच मालकीची असल्याने हा नियम पाळला जातो. तो बाहेरून लादला गेला असता तर टिकला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. हवाई राज्याने २०४५ पर्यंत संपूर्ण वीज नवीकरणीय करण्याचा कायदा २०१५ मध्ये केला. ओआहू बेटावरील शेवटचे कोळसा केंद्र २०२२ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर तेथे ५६५ मेगावॉट-तासांची बॅटरी कार्यान्वित झाली.

देखभाल व निधी

सौर पटल २५ वर्षे टिकतात, लिथियम बॅटरी साधारण १० ते १५ वर्षे, तर जुन्या पद्धतीची शिसे-आम्ल बॅटरी ५ ते ७ वर्षे. म्हणजे एका प्रकल्पाच्या आयुष्यात बॅटरी किमान एकदा, आणि शिसे-आम्ल असल्यास तीन-चार वेळा बदलावी लागते. उद्घाटनाच्या वेळी अनुदान मिळते. आठव्या वर्षी बॅटरी थकते तेव्हा ते मिळेलच असे नाही. त्यामुळे दरमहाच्या बिलातून वेगळा बदली-निधी साठवणे हा आराखड्याचा भाग असावा लागतो.

खाऱ्या हवेने पटलांच्या चौकटी, जोडण्या व इन्व्हर्टरमधील पट्ट्या गंजतात. सुटा भाग मागवल्यावर तो जहाजाने येईपर्यंत आठवडे जातात. बेटावर राहणारे दोन-तीन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि हाताशी ठेवलेले सुटे भाग यांवर पुष्कळदा प्रकल्पाचे भवितव्य ठरते. वापरून झालेल्या बॅटऱ्या मुख्यभूमीवर परत नेण्याची तरतूदही सुरुवातीलाच करावी लागते, कारण लहान बेटावर त्यांची विल्हेवाट लावण्यास जागा नसते.

मुख्यभूमीवरील उपयोग

बेटांवर आधी भेडसावलेला साठवणीचा प्रश्न आता मोठ्या वीजजाळ्यांपुढेही आला आहे, कारण सौर क्षमता वाढेल तसतशी दुपारची वीज जास्त आणि सायंकाळची अपुरी होते. एल हिएरोच्या तत्त्वावर चालणाऱ्या केंद्रांना महाराष्ट्रात उदंचन जलविद्युत केंद्रे म्हणतात. २५० मेगावॉटचे घाटघर केंद्र त्यांपैकी प्रमुख आहे. मराठवाड्यात पैठण येथे जायकवाडी धरणावर १२ मेगावॉटचे, दोन्ही दिशांनी चालू शकणारे यंत्र आहे.

शेतीपंपांच्या बाबतीत बेटांवरील दुसरी युक्ती, म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेत आणणे, अधिक प्रमाणात वापरली जात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिनीला दिवसा वीज देणे हे तिचे स्वरूप आहे. दुसऱ्या टप्प्यातील पाच प्रकल्पांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये एकत्रित लोकार्पण झाले. त्यांत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथील ३ मेगावॉट व नांदेड जिल्ह्यातील बामणी बुद्रुक येथील ५ मेगावॉटचे प्रकल्प होते. येथे बॅटरीची गरज पडत नाही. दिवसा उपसलेले पाणी शेतात किंवा शेततळ्यात जाते आणि साठवणीचे काम जमीनच करते. रात्रीच्या पाळीत पाणी धरण्यासाठी अंधारात बांधावर जावे लागणे, आणि त्यात सर्पदंशाचा व विजेच्या धक्क्याचा धोका पत्करणे, ही तेलंगण व कर्नाटकाच्या सीमेवरील देगलूरसारख्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. दिवसाच्या पुरवठ्यात हा धोका टळतो; मात्र पावसाळ्यात खंड पडून आभाळ नुसते झाकोळलेले राहिले, तर पिकाला पाण्याची गरज असताना सौर निर्मिती घटते, आणि अशा दिवसांसाठी वाहिनीला मुख्य जाळ्याची जोड ठेवावीच लागते.